विहीणबाईंचा लाल तांदूळ

गिरगाव, ता. २० डिसेंबर १९५५

सौ. राधाबाई विहीणबाई यांस आनंदीबाईचा नमस्कार.

तुमचं बोचकं पोचलं. तुमच्या गावचा जो माणूस घेऊन आला, त्याने ते जिन्यात असं आपटलं की आनंदीबाईच्या सुनेच्या माहेरून काहीतरी आलं हे अख्ख्या चाळीला कळलं. लाल उकडा तांदूळ, कुळीथ आणि सुंठीचे लाडू. लाडू ठेवून घेतलेत. तांदूळ आणि कुळीथ भांडीवाल्या शांतेला देऊन टाकले. राग मानू नका. मुंबईत लाल भात कुणी खात नाही, आणि बाळंतिणीच्या ताटात तर मी तो पडूच देणार नाही. आमचा वाणी मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढरा तांदूळ देतो.

नलूला बाळंतपणाला माहेरी का पाठवलं नाही, असं विचारलंत. एक तर तुमची ती नलू, या घरात ती सुनेत्रा. दुसरं म्हणजे पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे पाठवली होती की. दोन महिन्यांचा गोरागोमटा नातू घेऊन आली आणि इथे महिन्याभरात आमच्या हातात काही उरलं नाही. तुम्ही तिला कुळथाची पिठी, लाल भात, वर माशाची आमटी, सगळं खाऊ घातलंत. दूध बाधलं. तेव्हाही मी हे तुमच्या तोंडावर बोलले होते, आणि त्यावर तुम्ही दीड वर्ष पत्र टाकलं नाहीत. बरं झालं, दोघींचं पोस्टाचं तिकीट वाचलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. म्हणून या खेपेला सगळं मी माझ्या हाताने करतेय. तांदूळ चोळून चोळून धुते, पाणी नितळ निघेपर्यंत. भात शिजला की पेज पार निथळून टाकते. मऊ भात, तूप आणि मीठ. बस्स. डाळ नाही, कुळीथ नाही, पालेभाजी नाही, मासळीचा वाससुद्धा नाही. तुमची मुलगी तोंड वाकडं करते. करू दे.

नात टम्म आहे. गाल असे वर आलेत की डोळे दिसत नाहीत. आणि शहाणी किती! शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, "आनंदीबाई, तुमच्या खोलीत बाळ आहे यावर विश्वास बसत नाही हो. आवाज म्हणून नाही." बारसं केलेलं नाही. पहिल्याचं थाटात केलं आणि कुणाची तरी दृष्ट लागली. तूर्त आम्ही तिला धोंडी म्हणतो.

नानांना नमस्कार.

आनंदीबाई


गिरगाव, ता. ६ जानेवारी १९५६

सौ. राधाबाई यांस नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डात तीनदा विचारलंत, बाळ रडतं का, आवाज कसा आहे, खरं कळवा. म्हणजे सुनेत्राने तुम्हाला परस्पर पत्र टाकलं तर. टाकू दे. मी काय तिचा हात धरला होता?

रडते. तोंड उघडते, लाललाल होते, पाय झाडते. आवाज जरा बसलाय, इतकंच. थंडी आहे. वेखंड उगाळून लावलं, ओवाळून टाकलं, नाक्यावरच्या डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलं तेही पाजलं. दूध थोडं ओकते. कुठलं पोर ओकत नाही?

पायांना मुंग्या येतात हेही तिने लिहिलं असेल. जिना उतरताना गुडघे लटपटतात म्हणते. मी गंगाधरच्या वेळी दहाव्या दिवशी नळावरून पाणी भरत होते. पण तिला तसं बोलले नाही. पायांना तेल लावून दिलं, आणि पथ्य आणखी कडक केलं. तुमचे लाडूही बंद केले, त्यातलं काही बाधत असेल तर कुणी सांगावं?

गंगाधर म्हणतो, मोठ्या डॉक्टरला दाखवू. म्हणतो खरा, पण हापिस सुटलं की तो सभेला जातो. संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय त्याला भूक लागत नाही. मी म्हटलं, "बाबा, आधी घरातलं तरी संयुक्त ठेव." हसला मेला.

राधाबाई, एक विचारते. नुसतं विचारते, जास्त अर्थ काढू नका. पहिला तुमच्याकडे होता तेव्हा मोठ्याने रडायचा का? आठवून कळवा.

आनंदीबाई


गिरगाव, ता. १८ जानेवारी १९५६, संध्याकाळ

राधाबाई,

हे पत्र पेटीत कधी पडेल देव जाणे. पेट्यासुद्धा उपटल्यात म्हणतात. परवा रात्री रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला नाही, आणि तेव्हापासून इथे रस्त्यावर दगड, धूर आणि पोलीस. कर्फ्यू आहे. गंगाधर लालबागला मावसभावाकडे अडकलाय. सुखरूप आहे, निरोप आला. घरात मी, नलू आणि ही. लिहिते आहे कारण हातांना काम नसेल तर मला वेड लागेल.

आधी हे वाचा: ती जिवंत आहे. या घटकेला नलूच्या मांडीवर झोपलीय. आता बाकीचं.

काल दुपारपासून तिने दूध सोडलं. श्वास भात्यासारखा. ओठ जांभळे. रडत होती, राधाबाई, सगळं अंग रडत होतं आणि आवाज नव्हता. तोंडावर हात धरल्यासारखी. नलू माझ्याकडे बघत होती. कारण आम्ही दोघींनी हे आधी पाहिलं होतं. पहिल्याचाही आवाज असाच गेला होता. तुम्हाला मी न्यूमोनिया म्हणून कळवलं. आवाजाचं कळवलं नाही. काय कळवणार? मलाच कळलं नव्हतं.

आज सकाळी सामान आणायला म्हणून थोडा वेळ कर्फ्यू उठवला. मी कमळाबाईंना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, "कुठे?" मी म्हटलं, "खोताच्या वाडीत, त्या डिमेलो डॉक्टरीणबाईंकडे." त्या परळच्या मोठ्या इस्पितळात पोरांच्या वॉर्डात असतात, कर्फ्यूमुळे घरीच असणार. रस्त्याने जायची सोय नव्हती, मागच्या बोळातून गेलो. एरवी माझ्या गुडघ्यांना दोन जिने झेपत नाहीत. आज गुडघे आहेत याचीच आठवण झाली नाही.

बाई आल्या लगेच, चपला घालतच निघाल्या. पोरीच्या छातीला नळी लावली. पोटाला, पायांना बोट दाबून पाहिलं. ज्या गालांचं मी कौतुक करत होते, ती सूज होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आई काय खाते?"

राधाबाई, आजवर एकाही डॉक्टरने हे विचारलं नव्हतं. पोर आजारी, आणि ही बाई आईचं ताट विचारतेय! पण मला उलट बरं वाटलं. म्हटलं, हिला तरी कळेल मी किती जपलंय ते. मी घडाघडा सगळं सांगितलं. तांदूळ कसा चोळून धुते, पेज कशी निथळते, काय काय वर्ज्य केलंय. त्या ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ते धुण्याचं पाणी कुठे जातं, मावशी?"

"मोरीत."

"आणि पेज?"

"मोरीत."

त्या म्हणाल्या, "मग या पोरीचं औषध मोरीत जातंय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, असा राग आला की तोंडातून काहीतरी निघणार होतं. पण त्या बॅगेतून सुई काढत होत्या, तेव्हा राग गिळला. आधी पोरीला टोचली, मग नलूला. मग हात धुऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि समजावून सांगितलं. तांदळाच्या कोंड्यात एक सत्त्व असतं. गिरणीत पॉलिश केलं की बहुतेक ते जातं, उरलंसुरलं धुण्यात आणि पेजेत निघून जातं. डाळीत असतं, कुळथात असतं, अंड्या-मासळीत थोडं असतं. नेमकं तेच मी बंद केलं होतं. ते सत्त्व आईच्या अंगात नाही तर दुधात कुठून येणार? दूध भरपूर, पण आतून पोकळ. मग आईच्या पायांना मुंग्या, आणि बाळाच्या काळजावर आणि गळ्यावर घाला. बेरीबेरी म्हणतात म्हणे. तान्ह्यांचा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असाच जीव जातो, आणि लोक म्हणतात दृष्ट लागली.

मी विचारलं, "पहिला?" त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बघितल्याशिवाय कसं सांगू, मावशी?" पण हात सोडला नाही.

मग म्हणाल्या, "माझ्याकडे अजून दोन सुया आहेत, त्या देईन. औषधाची दुकानं बंद आहेत. पण नुसत्या सुयांवर ही पोर वाढायची नाही, आईच्या ताटातच औषध पाहिजे. हातसडीचा नाहीतर उकडा तांदूळ, लाल असेल तर फारच चांगलं. पेजेसकट. आणि कुळीथ, मूग, जे असेल ते. पण आज वाणी कुठला उघडा असणार?"

मी वाकले आणि खाटेखालून तुमचं बोचकं ओढलं.

शांतेला दिलं म्हणून लिहिलं होतं, ते खोटं. दोनदा बाहेर काढलं द्यायला, दोनदा परत ढकललं. आतल्या पुरचुंड्यांना तुमच्या हाताची गाठ होती, सोडवेना. उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय, बाकी सगळं तस्संच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डिमेलोबाईंनी मूठभर तांदूळ तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "हे कुणी पाठवलं?" मी म्हटलं, "हिच्या आईने." नलू तोंडाला पदर लावून रडायला लागली.

एकदाच विसळून तुमचा तांदूळ चुलीवर घातला. पेज वाटीत काढून, मीठ घालून नलूला दिली. कुळीथ भाजले, जात्यावर भरडले, पिठी केली. गिरगावात खाली दगडफेक चाललीय आणि वर मी लसणीची फोडणी देतेय. नलूने तीन वाट्या पिठी खाल्ली. तिसरीला मी म्हटलं, "पुरे गो, पोट फुटेल." ती म्हणाली, "आई, मला घरी गेल्यासारखं वाटतंय."

आता श्वास मघापेक्षा हळू आहे. मी मोजत नाही, बाईंनी सांगितलंय मोजू नका, ओठ बघा. ओठ बघतेय. जांभळे नाहीत. असं वाटतंय तरी.

आनंदीबाई


गिरगाव, ता. २१ जानेवारी १९५६

राधाबाई विहीणबाई,

जीव भांड्यात पडला हो!

पहिल्या सुईच्या रात्रीच पोर दूध प्यायली. दुसऱ्या दिवशी लंगोट बदलता बदलता मी थकले. डिमेलोबाई म्हणाल्या, बदला, सूज वाहून जातेय. मग बदलताना मला इतका आनंद व्हायला लागला की कमळाबाईंना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. आता तिचे गाल लहान झालेत आणि डोळे दिसायला लागलेत. डोळे तुमच्या नलूचे आहेत. इतके दिवस मला माहीतच नव्हतं.

आवाज अजून नाही. बाई म्हणाल्या, सगळ्यात शेवटी येईल, धीर धरा. धीर कसला धरते! पोरगी तोंड उघडते की आम्ही दोघी आपापलं काम सोडून कान देतो. काल दुपारी पहिल्यांदा काहीतरी आलं. कोंबडीचं पिलू टोपलीखालून चिवचिवावं तेवढंच. नलू म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हटलं, "तू ऐकलंस?" मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि आमच्या रडण्याच्या आवाजाने ती घाबरून गप्प झाली.

गंगाधर आज परत आला. दाढी वाढलेली, शर्ट फाटलेला. मी म्हटलं, "आलास? ये. मुंबई मिळाली का?" म्हणाला, "मिळेल." मी म्हटलं, "बस, पेज पी." लाल पेजेची वाटी बघून म्हणाला, "हे काय, आजारी कोण आहे?" आता याला कुठून सांगायला सुरुवात करू?

तांदूळ संपत आलाय. पांढरा मी सोडलेला नाही, गंगाधरला तोच लागतो, पण आता निथळत नाही. नलूपुरता लाल. पाठवता येईल का? कोण येणारं असेल तर. मागते आहे, हे ध्यानात घ्या. आनंदीबाईने आजवर कुणाकडे मागितलेलं नाही.

आनंदीबाई


गिरगाव, ता. १४ फेब्रुवारी १९५६

प्रिय राधाबाई यांस सप्रेम नमस्कार.

तांदूळ मिळाला, कुळीथ मिळाले, आणि तुमचं ते जानेवारीतलं पत्रही मिळालं. पोस्टाच्या गोंधळात कुठेतरी अडकलं होतं, तुमचा तांदूळ त्याच्याआधी आला.

मी विचारलं होतं, पहिला मोठ्याने रडायचा का. तुम्ही लिहिलंत, "इतका रडायचा की नाना उशी घेऊन पडवीत झोपायला जायचे. वाडीतली माणसं सकाळी विचारायची, रात्री काय झालं होतं?"

हे वाक्य मी कितीदा वाचलं, सांगत नाही. म्हणजे तुमच्याकडे तो खणखणीत होता. तुमच्या लाल भातावर आणि कुळथावर खणखणीत होता. माझ्याकडे आला, मी त्याच्या आईला पांढरा भात घातला, पाणी नितळ होईपर्यंत धुतलेला, आणि तो गप्प झाला. माझ्या कानांनी त्याचा आवाज कधी धड ऐकलाच नाही. तुमचं त्यात काहीच चुकलं नव्हतं, आणि जे तोंडावर बोलले ते बोलले. शब्द काही मोरीतून परत आणता येत नाहीत.

डिमेलोबाईंना मी स्पष्ट विचारलं, "मी मारला का त्याला?" त्या रागावल्या. म्हणाल्या, "मावशी, प्रेमाने धुतलेल्या तांदळावर खटला भरायचा तर अर्धं गिरगाव तुरुंगात जाईल. रडून झालं असेल तर कामाला लागा. या चाळीत आणखी बाळंतिणी आहेत ना?"

लागले कामाला. अति तिथे माती, हे मला आता कुणी शिकवायला नको. तळमजल्यावर मालनला आठवा लागलाय. तिच्या सासूने पांढऱ्या भाताची जय्यत तयारी केली होती. मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "पेज कुठे टाकता?" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं, "मला बरंच काही करायचंय, बसा." आणि बसवून सगळं सांगितलं. आमच्या घरातलं, पहिल्याचंसुद्धा. ती आधी नाक मुरडत होती, पण संध्याकाळी निथळलेली पेज वाटीतून वर पाठवली, हे बरोबर का म्हणून. आता मला चाळीत पेजवाल्या आजी म्हणतात. म्हणू देत. गंगाधर म्हणतो, "आई, तूही चळवळीत पडलीस." मी म्हटलं, "माझी चळवळ तुझ्याआधी जिंकेल बघ."

नलूचे गुडघे आता लटपटत नाहीत. काल जिना धावत उतरली, मी वरून ओरडले, "हळू गो!" हो, मीही आता नलूच म्हणते. सुनेत्रा नाव पत्रिकेत छान दिसतं, पण हाक मारताना तोंडात बसत नाही.

आता मुद्द्याचं. बारसं करायचंय. धोंडी पुरे झालं. पण तुम्ही आल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही, असं मी आणि नलूने ठरवलंय. नानांनाही आणा. नाना उशी घेऊन कुठे झोपणार ते मला माहीत नाही, आमच्याकडे पडवी नाही, गॅलरी आहे. तिथे सगळी चाळ झोपते, आणि हल्ली कुणालाच झोप लागत नाही.

का, ते सांगते. ज्या कमळाबाई म्हणत होत्या, बाळ आहे यावर विश्वास बसत नाही, त्या आज सकाळी दारात उभ्या. डोळे तांबारलेले. "आनंदीबाई, जरा काही करा हो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. केवढा हा गळा!" मी म्हटलं, "कमळाबाई, कानात कापूस घाला. तोही नसेल तर मी देते." त्या रागाने निघाल्या, जिन्यापाशी थांबल्या, मागे वळल्या. मी हसत होते. मग त्याही हसायला लागल्या. खोताच्या वाडीपर्यंत त्याच तर माझ्याबरोबर आल्या होत्या.

आत्ताही ती रडते आहे. नलू नळावर गेलीय. भूक लागलेली नाही, ओली नाही, काही दुखतही नाही. नुसता गळा आहे म्हणून रडते आहे. उचललं तर लगेच थांबेल, मला माहीत आहे.

उचलते. पण आधी थोडं ऐकून घेते.

तुमची,
आनंदी